तार किती लांब, त्याआधी तार कुठे

शॉर्टवेव्हचा हातात मावणारा रेडिओ घेतला की बहुतेक जण पहिला प्रश्न तारेच्या लांबीचा विचारतात. पाच मीटर पुरेल, की वीस लागेल? या प्रश्नामागे एका पिढीचा अनुभव आहे. व्हॉल्व्हच्या रेडिओला गच्चीवर दोन बांबूंमध्ये, चिनी मातीचे इन्सुलेटर लावून एरियल ताणलेली असे. गच्ची नसलेल्यांच्या घरी तांब्याची जाळीदार पट्टी भिंतीच्या कडेने खोलीभर टांगलेली दिसायची. अमीन सायानींची बिनाका गीतमाला १९५२ पासून रेडिओ सिलोनवर सुरू झाली, आणि तार जितकी उंच नि लांब तितकं सिलोन स्वच्छ, हे गणित घरोघरी पाठ झालं. तेव्हा ते बरोबरही होतं. त्यानंतर रेडिओ बदलले आणि घरंही बदलली. सगळ्यात जास्त बदललं ते घरातल्या विजेच्या उपकरणांचं स्वरूप. छोट्या तारेने शॉर्टवेव्ह सुधारायचे आज जे मार्ग आहेत, ते या बदललेल्या घरात ठेवून तपासले की जुन्या गणितातला लांबीचा आकडा बराच मागे पडतो. तार कुठे आहे, ती कशाच्या जोडीने काम करते आणि घरातली खरखर तिच्यावाटे रेडिओत शिरते का, यांवर निकाल ठरतो असं माझं मत आहे.

आधी रेडिओच्या अंगच्या अँटेनाकडे पाहू. शॉर्टवेव्ह म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झ, लहरींची लांबी १०० मीटरपासून १० मीटरपर्यंत. रेडिओची सरकवून बाहेर काढायची दांडी, जिला सगळे व्हिप म्हणतात, ती जेमतेम मीटरभर. ४९ मीटर बँडवर ती लहरीच्या पन्नासाव्या भागाइतकी भरते. विजेच्या भाषेत ती १० पिकोफॅरडच्या आसपासचा एक छोटा कंडेन्सरच झाला. तरीही स्टेशन लागतं, कारण रेडिओच्या पहिल्या टप्प्यातला एफईटी हा ट्रान्झिस्टर तिच्यावर जवळजवळ काहीच भार टाकत नाही.

दुसरं कारण याहून महत्त्वाचं आहे. या लहरींवर आकाशच गोंगाटाने भरलेलं असतं. पृथ्वीवर कुठे ना कुठे, विशेषतः उष्ण कटिबंधात, सतत विजा कडाडत असतात आणि त्यांची खरखर हजारो किलोमीटर पसरते. रेडिओ लहरींवरच्या अशा गोंगाटाचे नकाशे आणि आलेख आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पी.३७२ या शिफारशीत दिलेले आहेत. त्यांतून दिसतं ते असं, की शॉर्टवेव्हच्या बहुतेक पट्ट्यात बाहेरून येणारा गोंगाट चांगल्या रेडिओच्या स्वतःच्या सूं-सूं आवाजापेक्षा कितीतरी मोठा असतो. म्हणजे तारेने आकाशातला गोंगाट रेडिओच्या सूं-सूंच्या वर आणून ठेवला, की तिचं काम झालं. त्यापुढे तार दुप्पट केली तर स्टेशन वाढतं तसाच गोंगाटही वाढतो. रेडिओच्या सिग्नल-मीटरवरची पट्टी वर चढते, ऐकू येण्यात फरक पडत नाही.

हे घरी तपासता येतं. दिवेलागणीनंतर ३१ मीटर बँडवर, ९.४ ते ९.९ मेगाहर्ट्झच्या दरम्यान, स्टेशन नसलेली मोकळी जागा शोधायची. व्हिप मिटून ठेवायची आणि बाहेरची तार जोडायची. जोडल्याक्षणी खरखर स्पष्ट वाढली, तर तार पुरेशी आहे. काहीच वाढलं नाही तरच लांबीचा विचार करायचा. २० मेगाहर्ट्झच्या वर आकाश बरंच शांत असतं, तिथे थोडी जास्त तार किंवा चांगली जुळणी उपयोगी पडते. ४९, ४१ आणि ३१ मीटरवर रात्री मात्र सात-आठ मीटरच्या पुढे धावण्यात फारसा अर्थ नाही.

लहरी ग्रहण करण्याची जागा महत्त्वाची, हे आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. २३ जुलै १९२७ रोजी हिंदुस्थान आणि ब्रिटन यांच्यातली शॉर्टवेव्हवरची बीम तारसेवा सुरू झाली. तिचं प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला होतं आणि ग्रहण केंद्र दूर दौंडला. उंच पोलादी मनोऱ्यांवर तारांचे पडदे टांगलेली मार्कोनी कंपनीची ती रचना होती. इतकी मोठी एरियल असूनही ऐकण्याची जागा बोलण्याच्या जागेपासून तोडून लांब ठेवावी लागली, कारण जवळच्या जोरदार ऊर्जेपुढे दूरचा क्षीण संदेश टिकत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या श्रोत्यासमोर आज हाच प्रश्न आहे. त्याच्या शेजारचं प्रक्षेपण केंद्र म्हणजे एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, राउटरचा अडॅप्टर, इन्व्हर्टर, लिफ्टची मोटर फिरवणारा नियंत्रक.

ही सगळी उपकरणं वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून वापरतात. त्या तोडजोडीच्या पटीतल्या लहरी शॉर्टवेव्हभर पसरतात आणि भिंतीतलं वायरिंग त्यांची एरियल बनतं. दिलासा एवढाच, की स्रोताच्या अगदी जवळ हा गोंगाट अंतराबरोबर फार झपाट्याने ओसरतो. म्हणून टेबलावरून खिडकीपर्यंतचे तीन मीटर कधी कधी नव्या अँटेनापेक्षा जास्त काम करतात. पैसे खर्च करण्याआधी रेडिओ बॅटरीवर चालू ठेवून घरातला मेन स्विच पाच मिनिटं बंद करावा. मग एकेक एमसीबी चढवत जावं. कुठल्या एमसीबीला खरखर उठते ते लगेच कळतं, आणि बहुतेक घरांत एक-दोन स्वस्त चार्जर किंवा दिवेच निम्म्याहून अधिक त्रासाचे धनी निघतात. मेन बंद असतानाही जे उरतं, ते शेजाऱ्यांचं आणि आकाशाचं. अँटेना निवडायची ती या उरलेल्या गोंगाटाचा विचार करून.

सगळ्यात सोपा मार्ग मगर क्लिपचा. पाच ते सात मीटरची मऊ, प्लॅस्टिक चढवलेली तार क्लिपने व्हिपला लावायची. सोनीची एएन-७१, टेकसनची एएन-०३एल, सँजीनची एएनटी-६० ही गुंडाळता येणारी तयार रिळं याच जातीची, प्रवासाला उत्तम. मात्र हीच तार खोलीत भिंतीभोवती फिरवली तर ती वायरिंगला समांतर धावते आणि घरातला गोंगाट गोळा करते. खिडकीबाहेर तिरकी सोडली, भिंतीपासून हातभर जरी दूर राहिली, तरी फरक कानाला जाणवतो. आरसीसी इमारतीतली सळ्यांची जाळी लहरी अडवते, त्यामुळे ‘आत’ आणि ‘बाहेर’ यांत इथे खरोखरच मोठं अंतर आहे. खिडकीच्या लोखंडी ग्रिललाच क्लिप लावण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. चाळीत किंवा गावाकडच्या घरात तिने कधी बरं काम केलंही असेल, पण आजच्या इमारतीत ग्रिलच्या आसपास एसीच्या, इंटरनेटच्या, केबलच्या तारा वेटोळे घालून असतात. मी ती वाट सुचवणार नाही.

या सोप्या मार्गात एक गोष्ट हमखास विसरली जाते. कुठल्याही एरियलला दुसरी बाजू लागते. एकच तार लावली, तर ती दुसरी बाजू रेडिओचं शरीर आणि तुमचा हात बनतो. रेडिओ अडॅप्टरवर असेल तर घरातलं सगळं वायरिंग. म्हणूनच रेडिओ हातात घेतला की स्टेशन सुधारतं आणि टेबलावर ठेवला की मंदावतं. उपाय स्वस्त आहे. रेडिओ बॅटरीवर चालवा आणि पहिल्या तारेइतकीच दुसरी तार ग्राउंडला जोडून उलट दिशेला पसरा. अँटेनाचा जॅक असेल तर त्याच्या पिनचा बाहेरचा भाग म्हणजे ग्राउंड; जॅक नसेल तर बहुतेक रेडिओंत इअरफोनच्या पिनच्या बाहेरच्या भागावरही ग्राउंड मिळतं. पाच-पाच मीटरच्या दोन तारांची ही जोडी एका दहा मीटरच्या तारेपेक्षा बहुधा शांत ऐकू येते. छोट्या रेडिओसाठी खर्चाच्या मानाने सर्वात जास्त फळ देणारी सुधारणा हीच, असं मी मानतो.

लांब तारेचा आणखी एक तोटा म्हणजे रेडिओ गुदमरणे. ४५५ किलोहर्ट्झच्या एकाच मधल्या लहरीवर चालणाऱ्या साध्या रेडिओत तगडं स्टेशन स्वतःच्या जागेखाली ९१० किलोहर्ट्झवर पुन्हा उगवतं. पंधरा-वीस मीटर तार जोडल्यावर ‘कितीतरी जास्त स्टेशनं’ लागल्याचा आनंद होतो, त्यांतली काही अशी भुतं असतात. मीडियम वेव्हचं प्रक्षेपण केंद्र जवळ असेल, तर ते स्टेशन शॉर्टवेव्हच्या डायलवरही डोकं वर काढू शकतं. अशा वेळी रेडिओवरचं ‘लोकल’ बटण दाबून पाहावं, किंवा तार आखूड करावी. दोन्ही उपाय फुकट आहेत.

ज्यांच्याकडे अंगण, परसू किंवा शेतातलं घर आहे, त्यांच्यासाठी वेगळा विचार करता येतो. तिथे तार घरापासून दहा-पंधरा मीटर दूर, दोन झाडांमध्ये बांधायची आणि कोअॅक्स केबलने घरात आणायची. यात एक फसगत ठरलेली. आरजी-५८ सारख्या केबलची धारिता मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड असते. दहा मीटर केबल म्हणजे १००० पिकोफॅरड, आणि समोर सहा-सात मीटर तारेचे जेमतेम पन्नास-साठ. थेट जोडलं तर खालच्या बँडवर बहुतेक सिग्नल केबलच गिळते. म्हणून तारेच्या बुंध्याशी फेराइटच्या कड्यावर गुंडाळलेला ९:१ ट्रान्सफॉर्मर लावतात आणि त्याच जागी जमिनीत तांब्याची किंवा गॅल्व्हनाइज्ड सळई ठोकून केबलचं कवच तिला जोडतात. ही सळई घराच्या अर्थिंगपासून वेगळी असेल तर उत्तम, कारण घराच्या अर्थिंगमध्ये सगळ्या चार्जरांची घाण वाहत असते. शेवटी, केबल घरात शिरण्याआधी तिचे दहा-बारा वेढे फेराइटच्या मोठ्या कड्यातून घ्यायचे. केबलच्या बाहेरच्या अंगाने रांगत येणारा घरातला गोंगाट या वेढ्यांत अडतो, आणि वेढे दुप्पट केले की अडथळा ढोबळमानाने चौपट होतो. लोक ट्रान्सफॉर्मरवर पैसे घालतात आणि हे कडं टाळतात. मला विचाराल तर दोन्हींतून एकच निवडायचं झाल्यास मी कडं निवडेन.

एकाच बँडवर प्रेम असेल तर डायपोल, म्हणजे मधोमध दुभागलेली दोन भुजांची तार. १४२.५ ला मेगाहर्ट्झने भागलं की दोन्ही भुजांची मिळून लांबी मीटरमध्ये मिळते, ९.६ मेगाहर्ट्झला साधारण १५ मीटर. उत्कृष्ट अँटेना आहे, पण तिला ‘छोटी’ म्हणता येणार नाही आणि सोसायटीची परवानगी हा तिचा सर्वात अवघड भाग. पुढे जाऊ.

फ्लॅटसाठी सगळ्यात समर्थ उत्तर कड्याच्या आकाराच्या तारेचं, म्हणजे लूपचं आहे, आणि या विषयात खरी गोडी तिथेच आहे. व्हिप किंवा सरळ तार विद्युतक्षेत्राला प्रतिसाद देते. लहान लूप चुंबकीय क्षेत्राला. घरातल्या जवळच्या गोंगाटात पुष्कळदा विद्युतक्षेत्राचा वाटा मोठा असतो, त्यामुळे लूप जात्याच शांत असण्याचा संभव जास्त. शिवाय लूपला दिशा असते. तिची सपाट बाजू एखाद्या स्रोताकडे वळवली की तो स्रोत खोल दबतो. इथे निसर्ग श्रोत्याच्या बाजूने आहे. दूरचं स्टेशन आयनांबरावरून परावर्तित होऊन वरून, बदलत्या कोनांतून येतं, त्यामुळे लूप फिरवली तरी ते सहसा पूर्ण बुडत नाही. शेजारचा गोंगाट मात्र एका ठरावीक जागेहून येतो, म्हणून तो बुडवता येतो.

घरी करायची तर कृती अशी. लाकडी पट्ट्यांचा फुलीसारखा सांगाडा करायचा आणि त्यावर दीड मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा एकच वेढा, मीटरभर व्यासाचा. तार सव्वातीन मीटर पुरते. दोन टोकं जुन्या रेडिओतल्या गँग कंडेन्सरला जोडायची. एक स्थिर पात्यांना, दुसरं फिरत्या पात्यांच्या चौकटीला. अशा वेढ्याचं इंडक्टन्स चार मायक्रोहेन्रीच्या घरात येतं, आणि ३६५ पिकोफॅरडच्या गँगबरोबर ते साधारण ४ पासून १४ मेगाहर्ट्झपर्यंत जुळतं. ४९, ४१, ३१, २५ आणि २२ मीटर हे बँड एका बैठकीत आले. रेडिओला जोडण्यासाठी याच सांगाड्यावर, गँगच्या समोरच्या बाजूला, २० सेंटिमीटर व्यासाचं दुसरं छोटं कडं बांधायचं आणि त्याची दोन टोकं अँटेनाच्या जॅकला न्यायची. मोठ्या आणि छोट्या कड्याचा तारेने संबंध नसतो; चुंबकीय क्षेत्रच पूल बांधतं.

मग रेडिओवर क्षीण स्टेशन लावून गँग सावकाश फिरवायचा. एका अरुंद जागी खरखर एकदम भरून येते आणि स्टेशन वर उसळतं. तिथून केसभर पुढे गेलं की पुन्हा पडतं. हात दूर नेला की जुळणी सरकते, कारण हाताचीही धारिता त्यात मोजली जाते. म्हणून गँगच्या दांड्याला प्लॅस्टिकची किंवा लाकडाची वीतभर काडी बसवावी. स्टेशन बदललं की पुन्हा जुळवावं लागतं, हा या लूपचा त्रास. पण याच अरुंदपणामुळे बाकीची तगडी स्टेशनं दारातच अडतात आणि वर सांगितलेली भुतं नाहीशी होतात. महागड्या रेडिओत असणारी पुढची गाळणी इथे हाताने मिळते. पत्र्याच्या पात्यांचे जुने गँग मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत भंगारातल्या रेडिओंतून अजून मिळतात. पॉकेट रेडिओतला पीव्हीसी गँगही चालतो, त्याचा आवाका मात्र कमी.

जुळवण्याची कटकट नको असणाऱ्यांसाठी अॅम्प्लिफायरची लूप असते. ब्रिटनच्या वेलब्रुक कंपनीच्या एएलए-१५३० ने या जातीचा दर्जा ठरवून दिला. एमएलए-३० ही स्वस्त चिनी लूप आज हौशी लोकांत सर्वाधिक दिसते. ती काम करते, पण तिला यूएसबीवर वीज लागते आणि ती वीज साध्या चार्जरमधून दिली तर ज्या शत्रूपासून पळायचं तोच अँटेनाच्या मुळाशी बसतो. पॉवर बँकेतही तोडजोड करणारं सर्किट असतंच, म्हणून साध्या सेलचा संच बरा. एअरस्पायच्या यूलूपला वीजच लागत नाही, मात्र ती त्यांच्या अतिसंवेदनशील संगणकीय रिसीव्हरसाठी आखलेली आहे. हातातल्या रेडिओला तिचा सिग्नल तोकडा पडतो.

मिनी-व्हिपचं नावही या चर्चेत सतत येतं. बोटभर लांबीचा तांब्याचा पत्रा आणि त्याला चिकटलेला अॅम्प्लिफायर, एवढ्यावर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून ऐकायचा रेडिओ, जगभरातल्या लोकांना शॉर्टवेव्ह ऐकवतो. पाहणाऱ्याला हा चमत्कार वाटतो. तो वेबएसडीआर उभारणाऱ्या पीटर-ट्यर्क द बूर यांनी त्याचं मर्म उलगडलं आहे. पत्रा एकटा काम करत नाही. तो जमिनीच्या तुलनेत मोजतो, आणि ‘जमीन’ कुठली हे केबलचं कवच ठरवतं. ते कवच घरातल्या गोंगाटाला जोडलेलं असेल तर मिनी-व्हिप इमानेइतबारे तो गोंगाटच ऐकवते. विद्यापीठाच्या उंच छपरावर, व्यवस्थित ग्राउंड केलेली मिनी-व्हिप आणि बाल्कनीतली मिनी-व्हिप यांची तुलना होऊ शकत नाही.

विजेपासून रक्षण हा भाग आपल्या हवामानात दुर्लक्षून चालत नाही. वळवाच्या दिवसांत ढग अजून लांब असतानाच तारेवर स्थिर विद्युत साठते. तेवढ्यानेही रेडिओतला पहिला एफईटी जळू शकतो; सोनीचा आयसीएफ-२०१० हा एके काळी गाजलेला रेडिओ याच दुखण्यासाठीही प्रसिद्ध होता. तार जोडण्याआधी तिचं टोक ग्राउंडला क्षणभर टेकवावं, तार आणि ग्राउंड यांच्यामध्ये १०० किलोओहमचा रेझिस्टर कायम ठेवावा, आणि गडगडाट ऐकू आला की तार काढून खिडकीबाहेर टाकावी. महावितरणच्या तारांच्या वरून, खालून किंवा जवळून एरियल कधीही नेऊ नये. यात सूट नाही.

अँटेनाच्या हाती नसलेल्या गोष्टीही मान्य करायला हव्यात. दिवसा आयनांबराचा खालचा थर ४९ आणि ४१ मीटरच्या लहरी शोषून घेतो, तेव्हा १९ आणि १६ मीटरकडे वळावं लागतं. रात्री याच्या उलट. सिग्नल वर-खाली होत आवाज फाटतो तेव्हा दोष दोन वाटांनी येणाऱ्या लहरींचा असतो, तारेचा नव्हे. आणि स्टेशनंच कमी झाली आहेत. रेडिओ ऑस्ट्रेलिया २०१७ च्या जानेवारीत शॉर्टवेव्हवरून गेलं, बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला थांबलं. तरी युक्रेनवर हल्ला झाल्यावर मार्च २०२२ मध्ये बीबीसीने तिथल्यांसाठी १५७३५ आणि ५८७५ किलोहर्ट्झवर रोज चार तास बातम्या पुन्हा सुरू केल्या, कारण इंटरनेट तोडता येतं. चीन, रुमानिया, जपान, न्यूझीलंड अजून बोलतात, आणि एसएसबी पद्धतीचं प्रक्षेपण पकडणाऱ्या रेडिओवर ७ मेगाहर्ट्झला हौशी हॅम भेटतात. उरलेली स्टेशनं दूरची आणि क्षीण असल्यामुळे शांत अँटेनाची गरज आज आधीपेक्षा जास्त आहे.

येत्या काळातला मोठा अडथळा छपरावरून येणार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेचं लक्ष्य एक कोटी घरांचं आहे. योजना चांगलीच आहे, पण प्रत्येक छपरावरच्या पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंत जाणाऱ्या डीसी तारा म्हणजे गच्चीवर ताणलेली एकेक एरियलच, आणि इन्व्हर्टरचा गोंगाट तिच्यावाटे आकाशात जातो. सूर्य मावळला की बहुतेक इन्व्हर्टर थांबतात, त्यामुळे रात्रीच्या बँडना धोका कमी. मार दिवसाच्या १९, १६ आणि १३ मीटरना बसेल. यावर उपाय पॅनेल बसवतानाच होतो. धन आणि ऋण अशा दोन्ही तारा एकमेकींना चिकटवून, शक्य तर पीळ देऊन एकाच पाइपातून न्यायच्या आणि इन्व्हर्टरच्या तोंडाशी दोन्ही एकत्र फेराइटच्या कड्यातून घ्यायच्या. तुमच्या इमारतीत पॅनेलचं काम निघणार असेल, तर एवढ्या दोन गोष्टी ठेकेदाराला लेखी सांगा आणि काम चालू असताना गच्चीवर जाऊन पाहा. पाइप एकदा बुजले की कोणी ते पुन्हा उघडत नाही.